स्टेअरिंग बदला, हक्क सोडू नका

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक ड्रायव्हर बांधव आले. वय ४२. १७ वर्षे लाईनवर. भिवंडीला माल भरायचा, हुबळी, बंगळूर, कधी चेन्नईपर्यंत जायचे आणि परतीचा माल मिळेपर्यंत तिकडेच थांबायचे, हे त्यांचे आयुष्य. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत डिझेलच्या पावत्या, पगाराची वही, आधार कार्ड. सोबत त्यांच्या पत्नी होत्या. जय भीम घालून बसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, गाडी सोडायचीय. तालुक्याच्या शाळेत बसवर जागा आहे. पगार सात हजारांनी कमी आहे, पण संध्याकाळी घरी येता येईल. मालक म्हणतो, आधी उचल फेड, मग लायसन्स घेऊन जा."

आम्ही विचारले, इतक्या वर्षांनी आताच का? त्यांनी अपघात सांगितला नाही, आजार सांगितला नाही. म्हणाले, "अकरा वर्षांत एकदाही चौदा एप्रिलला मी वस्तीत नव्हतो. वर्गणी दरवर्षी पाठवतो. पोरानं यंदा विचारलं, पप्पा, पावतीवर तुमचं नाव असतं, मग मिरवणुकीत तुम्ही का नसता?" त्यांच्या पत्नी एवढेच बोलल्या, "पैसे पुरवून पुरवून वापरू साहेब. माणूस कसा पुरवून वापरणार?"

हा प्रश्न एका घराचा नाही. कळंबोली, भिवंडी, चाकण, वाळूज, नागपूरची वाडी, बुटीबोरी, जिथे जिथे गाड्या उभ्या असतात तिथे आमच्या वस्त्यांतली माणसे स्टेअरिंगवर बसलेली आहेत. जमीन नाही, धंद्याला भांडवल नाही, शिक्षण अर्धवट सुटलेले. अशा तरुणाच्या हातात लायसन्स आले की घर उभे राहते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. या धंद्याने अनेक घरांची चूल पेटवली, मुलांच्या फिया भरल्या, पत्र्याच्या घरावर स्लॅब टाकला. म्हणून या धंद्याला आम्ही कमी लेखत नाही. पण ज्या घरासाठी माणूस राबतो, त्या घरातच तो पाहुणा होत असेल, तर त्या कमाईचा हिशेब पुन्हा एकदा मांडला पाहिजे.

आमच्या या बांधवाला त्याच्याच सोबत्यांनी हिणवले. "लाईनवरचा माणूस आता पोरांची बस चालवणार काय? कच्चा पडला!" आम्ही स्पष्ट सांगतो, तो कच्चा पडलेला नाही. उलट, आपल्या वेळेलाही किंमत आहे हे त्याला कळले आहे. मालकांना नको आहे तेही नेमके हेच. मजुराला फक्त पगाराचा आकडा दिसावा, तास दिसू नयेत, यातच मालकाचा नफा असतो.

आता साधा हिशेब करून पाहा. समजा, लाईनवरच्या गाडीवर महिन्याला २५,००० रुपये मिळतात. महिन्यातले २६ दिवस बाहेर आणि रोज १४ तास मालकाच्या कामात. एकूण तास झाले ३६४. म्हणजे तासाला पडले ६९ रुपयांहून कमी. आता समजा, गावाजवळच्या नोकरीत १८,००० रुपये मिळतात. २६ दिवस, रोज ९ तास. एकूण २३४ तास. तासाला पडले जवळजवळ ७७ रुपये. मग कमी पगाराची नोकरी कोणती? बाहेरचे जेवण, चहा, तंबाखू, मोबाईलचा रिचार्ज, आजारपण यांचा खर्च आम्ही अजून धरलेलाच नाही. आणि घरी एकट्याने म्हाताऱ्यांचे दवाखाने, मुलांची शाळा, बचत गटाचा हप्ता आणि स्वतःची मजुरी सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमाचे मोल तर कोणत्याच वहीत लिहिलेले नसते. लाईनवरच्या ड्रायव्हरची गाडी मालकाला स्वस्तात पडते, कारण तिचा अर्धा खर्च ड्रायव्हरची बायको भरत असते.

पण पगार कमी झाला तरी चालेल असे आम्ही सरसकट म्हणत नाही. ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, ज्याच्या घरात आजारी माणूस आहे, त्याला सात हजार ही लहान रक्कम नाही. पोट आणि घर यांपैकी एक निवडा, असा पेच मजुरासमोर टाकणारी व्यवस्थाच मुळात अन्यायी आहे. तो पेच सुटावा म्हणून तर कामाच्या तासांचा कायदा झाला.

हे तास आम्हाला कोणी मेहेरबानी म्हणून दिलेले नाहीत. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या फॅक्टरी कायद्यातील दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आले, ते त्याच कारकिर्दीत. त्याच्या कितीतरी आधी, १९२८ साली, मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिकालीन सवलतींच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. कारखान्याच्या दारात मजुराचे घर संपत नाही, घर आणि काम यांचा विचार एकत्रच करावा लागतो, ही दृष्टी तिथे दिसते. आज आठ तासांचे नाव सगळेच घेतात. पण ते तास कारखान्याच्या भिंतीबाहेर, रस्त्यावर, किती पोहोचले?

कागदावर ते पोहोचले होते. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा आमच्या किती ड्रायव्हर बांधवांना माहीत आहे? त्या कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गावर किंवा सणासुदीच्या गर्दीत, अधिकाऱ्याच्या मंजुरीने, फार तर दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचे काम सुरू होईपर्यंत सलग ९ तासांची विश्रांती. जादा कामाला दुप्पट दराने मजुरी. आणि कामाचे तास म्हणजे काय, तर ड्रायव्हर मालकाच्या हुकमतीत असेल तो वेळ. पार्टीच्या गोडाऊनसमोर रांगेत उभ्या गाडीत मालाची राखण करणारा ड्रायव्हर आराम करीत नसतो, तो कामावरच असतो.

साठ वर्षे हा कायदा पुस्तकात राहिला. किती ड्रायव्हरांना दुप्पट मजुरी मिळाली? किती मालकांना तासांसाठी दंड झाला? आमच्या वकिलीच्या आयुष्यात अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही आमच्यासमोर आली नाहीत. मालाच्या ई-वे बिलाची गोष्ट पाहा. १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस, अशी त्या बिलाची मुदत आहे. म्हणजे कागदाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, पण तोच कागद खिशात घेऊन जाणाऱ्या माणसाकडून एका दिवसात त्याच्या तिप्पट अंतर काढून घेतले जाते. मोठा अपघात झाला की पहिला प्रश्न, ड्रायव्हरला डुलकी लागली काय? तो आदल्या दिवसापासून किती तास जागा होता, हे मालकाला कोण विचारतो?

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. चांगली गोष्ट आहे, आम्ही तिचे स्वागतच करतो. पण केबिन थंड झाली म्हणून तास कमी होत नाहीत. उलट, "आता तर एसी आहे, आणखी दोनशे किलोमीटर ओढ" असे म्हणायला मालक मोकळा होईल, ही आमची भीती आहे.

आता नव्या कायद्यांकडे येऊ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९६१ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावला गेला. या संहितेत सगळेच वाईट आहे असे म्हणणे वकील म्हणून आम्हाला शोभणार नाही. दिवसाला ८ तास कायम आहेत, जादा कामाला दुप्पट मजुरी कायम आहे. वर्षात १८० दिवस काम केले तरी दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते, पूर्वी त्यासाठी २४० दिवस भरावे लागत. कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले आहे.

पण एका आकड्याने घात केला आहे. जुना कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मोटार वाहतूक उद्योगाला लागू होता. नव्या संहितेने हा आकडा दहा केला. ज्याच्या दोन गाड्या, चार ड्रायव्हर आणि दोन क्लीनर आहेत, तो मालक काल कायद्याच्या कक्षेत होता, आज बाहेर पडला. आणि आमचे बांधव बहुसंख्येने कोणाच्या गाडीवर आहेत? अशाच दोन-चार गाड्यांच्या मालकांकडे. मोठे वाहतूकदारही आपल्या गाड्या वेगवेगळ्या नावांवर दाखवून दहाच्या खाली राहू शकतात, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच दाराबाहेर ठेवायचे, ही रीत आम्हाला नवी नाही.

तरीही दार पूर्ण बंद झालेले नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ९१ प्रत्येक ड्रायव्हरने पाठ करावे. परिवहन वाहन चालवण्यासाठी नेमलेल्या कोणत्याही व्यक्तीचे तास १९६१ च्या कायद्यात ठरवल्याप्रमाणे असतील, असे ते सांगते. इथे पाच किंवा दहा कामगारांची अट नाही, "कोणतीही व्यक्ती" असा शब्द आहे. जुना कायदा रद्द होऊन तीच तरतूद नव्या कायद्यात आली, तर जुन्याचा उल्लेख नव्याला लागू समजायचा, हे १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याचे साधे तत्त्व आहे. म्हणून आमच्या मते एकाच गाडीच्या मालकालाही आठ तासांचे बंधन आजही आहे. याच कलमाने राज्य सरकारला आणखी एक अधिकार दिला आहे. ड्रायव्हरचे तास आधी ठरवून त्यांची नोंद ठेवायला सरकार मालकांना भाग पाडू शकते. एप्रिल २०२५ मध्ये रस्ता सुरक्षेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही ड्रायव्हरांच्या तासांची अंमलबजावणी कशी करायची, यासाठी राज्यांच्या बैठका घेण्याचे निर्देश केंद्राला दिले. म्हणजे कायदा आहे, न्यायालयही बोलले आहे. नाही ती अंमलबजावणीची इच्छा!

आणि नोंद ठेवणे अवघड आहे ही सबब आता कोणी सांगू नये. गाडी कुठे थांबली, किती वेळ थांबली, डिझेल किती जळले, हे शेठला मोबाईलवर मिनिटामिनिटाला दिसते. फास्टॅगमध्ये प्रत्येक टोलची वेळ नोंदलेली असते. गाडीचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्राला माणसाचा हिशेब ठेवता येत नाही काय?

आता नोकरी बदलू पाहणाऱ्या बांधवांसाठी चार गोष्टी. नोकरी बदलली की घर सुधारेल, असे समजून घाईने उडी मारू नका. ड्रायव्हरची प्रत्येक नोकरी आधी तपासून घ्या. शाळेच्या बसवर संध्याकाळ घरी मिळते, पण बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्याच्या सुटीचा पगार देत नाहीत. कंपनीच्या बसवर पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ काम असते. कागदावर आठ तास भरतात, पण माणूस घराबाहेर सोळा तास. १९६१ च्या कायद्याने अशा तुकड्यांच्या कामाला दिवसात दोनच तुकडे आणि सगळे मिळून १२ तासांची मर्यादा घातली होती, ती याचसाठी. घंटागाडीवर दुपारपर्यंत सुटका होते, पण ठेकेदार बदलला की नोकरी जाते. एखाद्या साहेबांच्या खासगी गाडीवर कपडे स्वच्छ राहतात, पण "साहेब येईपर्यंत" ही वेळ कधी संपते हे कोणालाच माहीत नसते. ॲपच्या टॅक्सीत आपणच आपले मालक असे सांगितले जाते, पण गाडीचा हप्ता हा मालकाहून कडक असतो. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी ॲपच्या चालकाला दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली होती. हप्ता चुकू नये म्हणून दोन-दोन ॲपवर मिळून किती तास चालवावे लागतात, ते चालवणाऱ्यालाच ठाऊक. आणि एसटी? नोकरी पक्की, पण मुक्कामी गाडी लागली की रात्र परगावच्या स्टँडवर. ही सुरक्षित म्हणवली जाणारी नोकरी करणाऱ्यांनाही २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत संपावर राहावे लागले, हे विसरू नका.

म्हणून नव्या मालकाला पहिला प्रश्न पगाराचा विचारू नका. विचारा, घरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत किती तास? आठवड्याची सुटी कोणत्या दिवशी? मुक्काम किती? बारा महिने पगार आहे काय? आणि हे सगळे नेमणूकपत्रावर लिहून मागा. तोंडचा शब्द पहिल्याच भांडणात उडून जातो.

लायसन्सच्या बाबतीतही काही गैरसमज आहेत. परिवहन वाहनाच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट २०१९ साली रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला की, हलक्या वाहनाचे लायसन्स असणाऱ्याला ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे परिवहन वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. ई-रिक्षा आणि धोकादायक मालाची वाहने यांचे नियम वेगळे आहेत. म्हणजे गावाजवळच्या छोट्या टेम्पोची नोकरी मिळत असेल, तर "तुझे लायसन्स चालत नाही" असे सांगून कोणी पगार पाडत असेल त्याला हा निकाल दाखवा.

आता जुनी नोकरी सोडताना काय करायचे? आमच्याकडे आलेल्या बांधवाची अडचण इथेच होती. उचल! लग्नाला, दवाखान्याला, घराला मालकाने दिलेली रक्कम. ती फिटेपर्यंत गाडी सोडायची नाही, लायसन्स मालकाच्या कपाटात. बांधवांनो, याला उधारी म्हणत नाहीत. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाने दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे, याला १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात नाव आहे, वेठबिगारी. आणि वेठीला संविधानाच्या कलम २३ ने बंदी आहे. घेतलेले पैसे बुडवा असे आम्ही सांगत नाही. प्रामाणिक हिशेब करा, हप्ते बांधून द्या. पण माणूस तारण ठेवता येत नाही, आणि लायसन्स हा त्या माणसाचा स्वतःचा कागद आहे. तो अडवून ठेवण्याचा कोणत्याही मालकाला अधिकार नाही.

आम्ही त्या मालकाला एक पानाची नोटीस पाठवली. चौथ्या दिवशी लायसन्स घरी आले. यात आमची हुशारी काही नाही. कायद्याचे एक पान गेली कित्येक वर्षे त्या माणसाच्या बाजूने उभे होते, फक्त ते त्याला कोणी वाचून दाखवले नव्हते.

राजीनामा तोंडी देऊ नका. लेखी द्या, तारीख घाला, एक प्रत जवळ ठेवा. वेतन संहितेप्रमाणे नोकरी सोडणाऱ्याचे बाकी वेतन दोन कामाच्या दिवसांत दिले पाहिजे, आणि या संहितेला पाच-दहा कामगारांची अट नाही. टायर फुटला, माल भिजला म्हणून मालकाला मनमानी कपात करता येत नाही. कोणतीही कपात धरली तरी एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. वेतन दिले नाही अशी तक्रार झाली तर दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे. जिथे दहा किंवा अधिक कामगार आहेत तिथे सलग पाच वर्षे नोकरी झाली असेल, तर ग्रॅच्युइटी मागा. राजीनामा दिला म्हणून ती बुडत नाही. प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन हा तुमच्या घामाचा पैसा आहे. भविष्य निर्वाह निधी असेल तर नोकरी बदलताना तो काढून मोडू नका, नव्या खात्यात वर्ग करा. पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते. दर वेळी पैसे काढणारा माणूस दर वेळी शून्यापासून सुरू करतो.

आणि एक वही ठेवा. निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, रांगेत थांबल्याची वेळ. रोज दोन ओळी. त्या दोन ओळी आणि फास्टॅगची नोंद जुळली, तर मालकाच्या वकिलाचे तोंड बंद होते. आमच्या लोकांकडे सत्य असते, कागद नसतो, आणि न्यायालयात आम्ही तिथेच हरतो.

मात्र एवढ्यावर हा प्रश्न संपला असे आम्ही मानत नाही. आमच्या बांधवाने गाडी सोडली, त्याचे घर सावरले. पण त्या गाडीवर दुसऱ्याच दिवशी दुसरा बसला. तोही कोणत्या तरी वस्तीतलाच असणार, त्याच्याही घरी मुले असणार, तोही उचल घेऊनच बसला असणार. एकाने जागा बदलली म्हणून चौदा तासांचे आठ तास होत नाहीत. नोकरी बदलणे हा एका माणसाचा मार्ग आहे, तास बदलणे हा सगळ्यांचा मार्ग आहे. पहिला मार्ग धरणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. पण चळवळीने दुसरा मार्ग सोडला, तर तो दोष चळवळीचा आहे.

इथे आम्हाला स्वतःलाही विचारावे लागेल. आम्ही जयंतीच्या वर्गणीसाठी लाईनवरच्या ड्रायव्हरला फोन करतो. त्याने पाठवलेल्या पैशांवर मंडप उभा राहतो. पण तो रोज किती तास गाडी चालवतो हे आम्ही त्याला कधी विचारले काय? आमच्या बैठकांत सरकारी नोकर असतात, निवृत्त असतात, महिला मंडळ असते. ड्रायव्हर, हमाल, रात्रपाळीचा वॉचमन तिथे नसतो, आणि मग "आपले लोक जागृत नाहीत" असा शेरा आम्ही मारतो. जो माणूस महिन्यातून चार दिवस घरी झोपतो, तो कोणत्या बैठकीला येणार? शिकायला वेळ लागतो, संघटित व्हायला वेळ लागतो, संघर्ष करायलाही वेळच लागतो. ज्याचा सगळा वेळ मालकाने विकत घेतला, त्याच्यापर्यंत चळवळीचा एकही शब्द पोहोचत नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला गृहस्थधर्म समजावला. त्यात मालकाची कर्तव्येही सांगितली. शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, चांगल्या पदार्थात वाटा द्यावा आणि योग्य वेळी सुटी द्यावी. योग्य वेळी सुटी! हे उपकार म्हणून सांगितलेले नाही, मालकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. आजचे मालक अडीच हजार वर्षे मागे आहेत.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. महाराष्ट्र शासनाने कलम ९१ चा अधिकार वापरून प्रत्येक परिवहन वाहनासाठी ड्रायव्हरच्या तासांची नोंद सक्तीची करावी, गाडी एक असो वा शंभर. गाडीच्या यंत्रातील नोंद ड्रायव्हरला मागताच मिळावी. सलग नऊ तासांची विश्रांती आणि रांगेतला वेळ कामात धरण्याचा नियम नव्या संहितेखालच्या नियमांत शब्दशः यावा. आणि दहाचा आकडा पुन्हा पाचवर आणण्यासाठी आमच्या लोकप्रतिनिधींनी सभागृहात तोंड उघडावे. मते मागायला ते ट्रक टर्मिनलवरही येतात, हे आम्ही विसरलेलो नाही.

कार्यकर्त्यांकडून आमची अपेक्षा त्याहून साधी आहे. येत्या जयंतीच्या बैठकीत वर्गणीच्या वहीसोबत आणखी एक वही ठेवा. वस्तीतल्या प्रत्येक ड्रायव्हरचे नाव, तो कोणाच्या गाडीवर आहे, रोजचे तास किती, उचल किती, लायसन्स कोणाकडे. दहा वस्त्यांच्या दहा वह्या एकत्र आल्या, तर कामगार आयुक्तांच्या टेबलावर ठेवण्यासारखा पुरावा तयार होईल. वकिलांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. आम्ही आमचा रविवार दिला आहे.

आमचे ते बांधव आता शाळेच्या बसवर आहेत. पहिल्या महिन्याचा पगार हातात आल्यावर त्यांनी फोन केला होता. म्हणाले, "साहेब, ओढाताण आहे. पण पोराची वही रोज बघतो." आम्ही त्यांना विचारले, जुन्या गाडीवर आता कोण आहे? ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "शेजारच्या वस्तीतला पोरगा आहे. त्यालाही तुमच्याकडे पाठवतो."

त्या पोराची आम्ही वाट पाहत आहोत. जय भीम!